बर्फावरचं नाणं

१

मिस यूला हॅडक यांच्या स्वयंपाकघरात ओकचं झाड घुसलं होतं. घुसलं म्हणजे अगदी हक्कानं, छप्पर फाडून, टेबलावर आडवं पसरलं होतं. मुळं बाहेर अंगणात होती आणि शेंडा थेट भांडी घासायच्या बेसिनपर्यंत पोचला होता. वरच्या भगदाडातून फ्लोरिडाचं निळंशार आभाळ दिसत होतं. ऑर्ला चक्रीवादळ येऊन गेल्याला आठवडाही झाला नव्हता, पण त्या आभाळाकडे पाहून कुणाला ते खरं वाटलं नसतं.

लोरेन प्रुइट फांद्यांमधून वाट काढत आत आली. ती विमा कंपनीची सर्व्हेअर. वादळं संपली की तिचा हंगाम सुरू व्हायचा. या किनाऱ्यावरची निम्मी घरं तिनं ती पडल्यावरच पाहिली होती, आणि लोकांनी दिलेल्या शिव्याही बऱ्याचशा पाठ झाल्या होत्या.

मिस यूलांनी मात्र शिवी दिली नाही. पंच्याहत्तरीची ही काटक म्हातारी एका खुर्चीवरचा पाचोळा झटकत म्हणाली, "बस गं पोरी. झाडाला बसायला सांगितलं नव्हतं, तरी ते बसलंय. तू तर पाहुणी."

"तुम्ही घरात नव्हता ना, मिस यूला?"

"देवाची कृपा. रविवारी प्रार्थना संपली आणि लेक मला उचलून डोथनला घेऊन गेली. वादळ आलं बुधवारी. शनिवारी शेरीफनं पूल उघडला, तेव्हा येऊन बघते तर हा पसारा. जीव वाचला, बाकी विमा आहेच की!"

नेमकं हेच वाक्य ऐकलं की पुढचं बोलणं लोरेनच्या जिवावर यायचं. तिनं आवाज जमेल तेवढा मऊ केला.

"मिस यूला, नुकसान झालं की आधी तुम्ही पदरचे काही पैसे घालायचे आणि मग वरचे कंपनी देणार, एवढं ठाऊक आहे ना? त्याला वजावट म्हणतात."

"माहीत आहे. हजार डॉलर. बाजूला काढून ठेवलेत मी."

"हजार एरवी. म्हणजे आग लागली, नळ फुटला, तर. चक्रीवादळाची वजावट वेगळी असते. ती तुमच्या पॉलिसीत पाच टक्के आहे."

म्हातारीनं मनातल्या मनात हिशोब केला. "पुतण्या छपरं घालतो, तो म्हणतो दुरुस्तीला बावीस हजार लागतील. त्याचे पाच टक्के म्हणजे अकराशे. शंभर जास्त. चालेल."

"नुकसानीचे पाच टक्के नाहीत, मिस यूला. घराचा विमा जेवढ्या रकमेचा उतरवलाय, त्या रकमेचे. तुमच्या घराचा विमा दोन लाख साठ हजाराचा आहे. म्हणजे तेरा हजार तुमचे, आणि मग उरलेले नऊ कंपनीचे."

मिस यूला हळूच खाली बसल्या. ज्या खुर्चीवर लोरेनला बसवायचं होतं, तिच्यावरच बसल्या.

"क्लाइड गेला तेव्हा हप्ता परवडेना," त्या म्हणाल्या. "एजंट म्हणाला, वादळाचे टक्के वाढवा, हप्ता उतरेल. मी वाढवले. टक्के कशाचे, हे मी विचारलंच नाही." मग थोडं थांबून, "तेरा हजार माझ्याकडे नाहीत गं. शेजारचा स्टॉलिंग्ज आहे तशी जागा विकत घ्यायला टपलेलाच आहे. म्हणजे मी लेकीकडेच जायचं आता. तिच्याकडे वरच्या मजल्यावरची खोली आहे. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो."

लोरेननं वही मिटली. मग मिस यूलाच उठल्या आणि पदर खोचल्यासारखा त्यांनी एप्रन आवळला. "चल, जेवून जा. कोळंबी आहे. सगळ्या गल्लीत आज फक्त माझ्याकडेच आहे. माझ्यावर एक चमत्कार झालाय, तो तरी बघून जा."

मागच्या ओसरीवर मोठा फ्रीझर होता. त्यांनी झाकण उघडून आतून एक प्लॅस्टिकचा पेला काढला. पेल्यात पाण्याचा घट्ट गोठलेला गोळा होता आणि त्यावर पाव डॉलरचं एक नाणं ऐटीत बसलं होतं.

लोरेन त्या नाण्याकडे बघतच राहिली.

२

ही युक्ती या किनाऱ्यावर घरोघरी चालते. घर सोडून जाताना पेल्यात पाणी गोठवायचं, त्यावर नाणं ठेवायचं आणि पेला फ्रीझरमध्ये सोडून जायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर खुशाल खा. तळाशी गेलं असेल तर मधे वीज गेली, सगळं वितळलं आणि मग पुन्हा गोठलं. ते मुकाट्यानं फेकून द्यायचं.

येताना लोरेननं गल्ली पाहिली होती. प्रत्येक दारासमोर चिकटपट्टीनं गुंडाळलेले फ्रीज रांगेत उभे होते आणि वासानं नाक धरायची पाळी आली होती. बुधवारपासून सगळ्या गावात वीज नव्हती. यूलांच्या घराला तर वीज येणारच नव्हती, कारण खांबावरून येणारी त्यांची तार झाडानं कोपऱ्यातून उपटून काढली होती.

"मग हा फ्रीझर आत्ता चालतोय कशावर?" लोरेननं विचारलं.

"होरेसच्या जनरेटरवर. कॅप्टन होरेस ओडम. पूल उघडल्या उघडल्या तो पहिला आला, माझ्या दारात जनरेटर लावला आणि मग स्वतःच्या घरी गेला. आमच्या चर्चचा डीकन आहे, पाद्रीसाहेबांना कामात मदत करतो. मोठा भला माणूस. जरा घुमा आहे एवढंच."

"पण हे शनिवारी. बुधवारपासून शनिवारपर्यंत काय?"

"तोच तर चमत्कार! नाणं हललंसुद्धा नाही. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले."

लोरेन चमत्काराच्या विरुद्ध नव्हती. पण विमा कंपनीत काम करून तिला एक खोड लागली होती. देवानं काही केलं असं कुणी म्हणालं, की आधी कुणा माणसानं केलं का, ते ती बघून घ्यायची. सप्टेंबरच्या उकाड्यात बंद फ्रीझरमधला बर्फ इतके दिवस टिकत नाही. एवढासा पेला तर नाहीच नाही.

म्हणजे हा पेला त्या दिवसांत या फ्रीझरमध्ये नव्हताच.

३

कोळंबी शिजेपर्यंत लोरेन अंगणात फिरली. यूलांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, जिथे बायो, म्हणजे खाडीतून आत शिरणारं संथ पाणी, घराला वळसा घालून जातो तिथे होतं. समोरच्या बाजूला ऑर्लानं पाडलेली झाडं ओळीनं पडली होती. पाइन, सीडर, सगळी गावाकडे डोकी करून, कारण वारा समुद्रावरून आला होता. यूलांचा ओक तेवढा पाण्याकडे डोकं करून पडला होता.

"वादळात वारा गरागरा फिरतो," मागून आवाज आला. "कुठलंही झाड कुठेही पडतं."

बोलणारा शेजारचा रँडल स्टॉलिंग्ज होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला हा गृहस्थ अटलांटाहून येऊन इथे मोठं घर बांधून बसला होता.

"तुम्ही इथे होता का वादळात?"

"छे! मी शुक्रवारीच अटलांटाला गेलो. पण तुम्ही वादळच लिहिणार ना? म्हातारीला आता हे झेपणार नाही हो. मी चांगला भाव देतोय. उगाच पडक्या घरात कशाला राहायचं?" त्यानं ओककडे नाराजीनं पाहिलं. "हे झाड काढा म्हणून मी तीन वेळा सांगितलं. पानं सगळी माझ्या पोहण्याच्या तलावात."

"घराची किल्ली तुमच्याकडे असते?"

"माझ्याकडे? ती बाई मला साखरसुद्धा उसनी देत नाही."

तो गेल्यावर लोरेननं झाडाच्या खोडावरून हात फिरवला. डोक्याएवढ्या उंचीवर साल सगळीकडून सोलली गेली होती, एखाद्याच्या कमरेला करकचून पट्टा बांधावा तशी. मग ती ओसरीकडे वळली. कोपऱ्यातल्या लाकडी खांबावर, बरोबर त्याच उंचीला, आडवी खाच पडली होती. रंग खरवडला होता आणि आतलं लाकूड जळाल्यासारखं काळं पडलं होतं.

वारा दोर बांधून झाडं पाडत नाही.

४

पहिला संशय पुतण्यावर गेला. ड्यूई हॅडक झाडं तोडायचा आणि छपरंही घालायचा, म्हणजे दोन्हीकडून त्याचीच चांदी. त्याच्या ट्रकच्या पुढे झाडं ओढायचं चाक बसवलेलं होतं. तो यूलांच्या छपरावर निळी ताडपत्री ठोकत होता. लोरेननं खालूनच विचारलं.

"ओक पाडायचं तू आधी म्हणाला होतास का?"

"हो तर! मे महिन्यात. काकी म्हणाली, क्लाइडनं लावलंय, मी मेल्यावर तोड. मग मी काय करणार?" तो हातोडी कमरेला अडकवून खाली उतरला. "बाई, तुमच्या डोळ्यांत काय चाललंय ते मला कळतंय. मी पाडलं असतं तर घरावर पाडलं असतं का? धंदा बुडेल माझा! आणि माझा ट्रक बघा, पोलादी तार आहे. तारेनं साल चिरली जाते, अशी घासली जात नाही. हे जाड दोराचं काम आहे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. मग हळूच म्हणाला, "मी काही पाहिलं नाही हं."

"किल्ली?"

"माझ्याकडे आहे. होरेस कॅप्टनकडे आहे. काकी चर्चमध्ये अर्ध्या लोकांना देऊन ठेवते."

त्याच्या ट्रकमध्ये करवती होत्या, शिड्या होत्या. कोळंबीचे गोठलेले डबे मात्र त्यात अर्धा दिवससुद्धा तगले नसते.

५

कॅप्टन होरेस ओडम धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचा धिप्पाड माणूस, पण नजर जाळ्यातून वर यायला तयार नव्हती. उजव्या तळहाताला पट्टी बांधलेली होती. मागे त्यांचा पांढरा शीतट्रक घुरघुरत उभा होता. कोळंबी बाजारात न्यायचा हा ट्रक स्वतःच्या इंजिनावर आतलं सगळं गोठवून ठेवायचा, त्याला गावाच्या विजेची गरज नव्हती.

"वादळात हा कुठे होता?"

"मॅरियानाला. मी त्याच्यासकट वर, समुद्रापासून लांब पळालो. बोट इथे ठेवली."

"बोट कुठे बांधली होती?"

कॅप्टनांनी जाळ्यात एक गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. "स्मशानाच्या मागे. सायप्रसच्या झाडाला."

"दरवर्षी तिथेच बांधता?"

"यंदा तिथे." मग एकाएकी त्यांनी वर पाहिलं. "मॅडम, मिस यूलांचं वादळात धरलंत ना? तसंच लिहा. म्हणजे सगळे पैसे मिळतील त्यांना. वादळाचा विमा त्यासाठीच तर असतो."

लोरेननं या धंद्यात पैशासाठी खोटं बोलणारे शेकड्यांनी पाहिले होते. दुसऱ्याला पैसे मिळावेत म्हणून एवढ्या काकुळतीला आलेला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिला सगळं उमगलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्या म्हाताऱ्याची दयाच आली.

"कॅप्टन," ती म्हणाली, "मिस यूलांनी जेवायला बोलावलंय. तुम्हीही या. कोळंबी तुमच्या ओळखीची आहे."

कॅप्टनांच्या हातातून जाळं गळून पडलं.

६

ओसरीवर सगळे जमले. मक्याच्या कण्या, त्यावर कोळंबी, आणि गोड थंड चहा. स्टॉलिंग्ज कुणी न बोलावता, जागेच्या भावाची आठवण करून द्यायला आला होता. मिस यूलांनी त्यालाही ताट दिलं, कारण आल्या माणसाला उपाशी पाठवणं त्यांना जमत नसे. लोरेननं तो पेला टेबलाच्या मधोमध ठेवला.

"या नाण्यानं मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "मिस यूलांची वीज तुटली झाड पडलं तेव्हा. तरी नाणं वर. म्हणजे सगळं वितळायच्या आत कुणीतरी हा फ्रीझर रिकामा केला, सामान गारठ्यात ठेवलं आणि त्या यायच्या आधी जसंच्या तसं परत लावलं, पेल्यासकट. बुधवारी दुपारपासून शनिवारपर्यंत पूल बंद होता, कुणाला येता येत नव्हतं. मग सामान हललं कधी? वादळाच्या आधीच. आणि तेव्हा सगळ्या गावात वीज असताना एकट्या याच घराचा फ्रीझर कुणी का रिकामा करेल? कारण त्याला ठाऊक होतं की या घराची वीज गेली आहे. म्हणजे झाड तेव्हाच पडलं होतं."

तिनं ओसरीच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"झाडावर आणि या खांबावर जाड दोर घासल्याची खूण आहे. बोटीच्या दोराची. किल्ली बऱ्याच जणांकडे होती, पण बर्फ टिकवणारी गाडी एकाचकडे आहे."

कॅप्टन उठून उभे राहिले. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहावं तसे, टोपी हातात धरून.

"सोमवारी," ते म्हणाले. "लख्ख ऊन पडलं होतं, पान हलत नव्हतं. दरवर्षीसारखी बोट आडोशाला, मिस यूलांच्या ओकला बांधायला आणली. दोर अडकवला आणि ओहोटीनं बोट वळणावर खेचली गेली. मी घाबरून इंजिनाचा जोर वाढवला, ते उलटंच झालं. दोर या खांबाला घासत ताणला गेला. मी बोटीवरची गाठ हातानं सोडवायला गेलो, हात सोलला. मागून मुळं तुटल्याचा आवाज आला आणि मग..." त्यांनी छपराकडे पाहिलं. "वायर तुटली, फ्रीझर बंद पडला. झाड काही मला उचलता येईना, मिस यूला. कोळंबी तेवढी उचलली."

"अरे, पण मला सांगायला तोंड नव्हतं का तुला?" मिस यूला म्हणाल्या.

"टीव्हीवर सांगत होते, वादळ इथेच येणार. म्हटलं, दोन दिवसांनी ते येऊन जे करणार तेच झालंय. त्याच्या नावावर खपून जाईल. तुम्हाला पैसे मिळतील, आणि क्लाइडचं झाड मी पाडलं हे तुम्हाला कधी कळणार नाही."

"मेल्या होरेस! वादळाच्या नावावर तू मला तेरा हजाराला बुडवत होतास!"

कॅप्टनांना काही कळेना. मग लोरेननं त्यांना टक्के समजावले. कशाचे टक्के, हे ऐकल्यावर ते मटकन खाली बसले आणि त्यांनी टोपीत तोंड लपवलं.

"एक मिनिट," स्टॉलिंग्ज म्हणाला. "माझंही घर विम्यात आहे, मला माहीत आहे. चक्रीवादळाचा इशारा सोमवारी सकाळीच निघाला होता. इशाऱ्यानंतरचं सगळं वादळातच धरतात."

"काळ इशाऱ्यापासून धरतात, बरोबर," लोरेन म्हणाली. "पण त्या काळात नुकसान वादळानंच व्हायला हवं. त्या दिवसांत तुमच्या हातून कढई पेटली असती, तर ती आग ऑर्लानं लावली म्हणाला असता का? सोमवारी ऑर्ला समुद्रात होती. हे झाड बोटीनं पाडलंय. याला एरवीचीच वजावट."

"आणि पाऊस? तो तर वादळाचाच आत आला."

"बोटीनं पाडलेल्या भगदाडातून आला."

तिनं तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. त्यांनी आधी कुरकुर केली, फोटो मागितले, कॅप्टनांना दोनदा तेच विचारलं. कॅप्टनांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं आणि घासलेला दोर अजून बोटीवर आहे असंही सांगितलं. मिस यूलांनी टेबलाखाली लोरेनचा हात घट्ट धरला होता. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे, प्रुइट. हजाराचीच लाव. आणि त्या कॅप्टनच्या बोटीचा विमा कुणाचा आहे ते विचार, आपले पैसे त्यांच्याकडून वसूल करू."

"बोटीचा विमा आहे माझा," कॅप्टन टोपीतूनच म्हणाले. "आजवर कधी कामाला आला नव्हता."

"मग मिस यूलांचे हजारही बहुधा त्यातूनच परत मिळतील," लोरेन म्हणाली. या हंगामात एखाद्या घरातून हसत बाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ होती.

मिस यूला हसायला लागल्या. हसता हसता रडल्या आणि एप्रननं डोळे पुसत पुन्हा हसल्या. छपरावर परत चढलेल्या ड्यूईनं वरून विचारलं, ताडपत्री काढून खरं छप्पर कधी घालू? "उद्यापासून!" त्या ओरडल्या. स्टॉलिंग्जनं जागेच्या भावाची गोष्ट काढली नाही. त्यानं ताट पुसून खाल्लं आणि निघताना, बऱ्यापैकी मनापासून, कोळंबी फार छान झाली होती म्हणाला.

कॅप्टन मात्र अजून मान खाली घालून होते. मिस यूलांनी त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

"क्लाइडच्या झाडाचं मला वाईट वाटतंय, होरेस. बरेच दिवस वाटेल. पण पेलासुद्धा जागच्या जागी ठेवणाऱ्या माणसावर किती वेळ रागवायचं? पुढच्या वेळी बोट दुसरीकडे बांध. किल्ली राहू दे तुझ्याकडेच."

कॅप्टनांचे कान लाल झाले आणि ते मुकाट्यानं जेवायला लागले.

लोरेन निघाली तेव्हा मिस यूलांनी बर्फावरचं नाणं खरवडून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे तुझं."

"नको, मिस यूला. विमा उतरवलेल्यांकडून काही घ्यायची आम्हाला बंदी आहे. पाव डॉलरसुद्धा नाही."

"आणि कोळंबी?"

"ती पाहणीत धरते."

मिस यूलांनी नाणं परत बर्फावर ठेवलं, बोटानं मधोमध सरकवलं आणि पेला फ्रीझरमध्ये त्याच्या जागी नेऊन ठेवला.

"मग तिथेच असू दे," झाकण लावत त्या म्हणाल्या. "हंगाम अजून संपला नाही. आणि मीही इथेच आहे."